प्रश्न कपॅसिटरचा नाही, कंट्रोलरचा आहे

मूल-सिंदेवाहीपासून वडसा-आरमोरीपर्यंत धानाच्या पट्ट्यात राइस मिलला पॉवर फॅक्टरचं पॅनेल विकताना एक हिशेब हमखास ऐकवला जातो. लोड सांगा, त्या मानाने कपॅसिटर टाकू, वर आठ स्टेपचा रिले लावू, आकडा ०.९९ दिसला की काम फत्ते. रिले कुठला? सगळे सारखेच, स्वस्त तो घ्या.

मिलमध्ये शेलर, पॉलिशर आणि एलिव्हेटरच्या मोटरीच काय त्या होत्या, तोवर हा हिशेब चालून गेला. मोटरीला लागणारा चुंबकन-प्रवाह कपॅसिटर जागेवरच पुरवायचा. आता ब्लोअरवर व्हीएफडी आला, सॉर्टेक्स मशीनचा पॉवर सप्लाय आला. हे लोड प्रवाह सलग घेत नाहीत, व्होल्टेजच्या शिखरापाशी हिसक्याने ओढतात. त्यातून पाचवा, सातवा हार्मोनिक निघतो. साधा रिले ज्याला ०.९९ म्हणतो तो बहुधा निव्वळ ५० हर्ट्झचा कोसाइन फाय असतो. प्रवाहात ४० टक्के विकृती असेल तर खरा पॉवर फॅक्टर ०.९३ च्या पुढे जाणार नाही, कपॅसिटर कितीही ओता.

ओतले तर उलट बिघडतं. ४.५ टक्के इम्पिडन्सचा २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्यावर ११० केव्हीएआर जोडले की अनुनाद येतो ३५५ हर्ट्झच्या आसपास, आणि सातवा हार्मोनिक आहे ३५० वर! मग कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात आणि बोल लागतो मालाला. वास्तविक प्रत्येक स्टेपसरशी अनुनादाची जागा सरकते, आणि नेमक्या वाईट जागी नेऊन ठेवतो तो रिलेच. म्हणून हार्मोनिक मोजणारा, मर्यादा ओलांडताच स्टेप सोडणारा कंट्रोलरच घ्यावा. जोडीला ७ टक्क्यांचे रिॲक्टर हवेत. त्याने अनुनाद १८९ हर्ट्झवर, म्हणजे पाचव्याच्या बराच खाली उतरतो. मात्र कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी चढतं, तेव्हा ४४० व्होल्टचे जुने डबे त्यामागे लावू नयेत.

थायरिस्टर स्विचिंगचा आग्रह धरणाऱ्यांशीही माझं जमत नाही. क्षणाक्षणाला उसळणाऱ्या भट्टीला किंवा स्पॉट वेल्डिंगला ते हवंच. धान भरडणारी मिल तासन्तास एका चालीने चालते, तिला कॉन्टॅक्टर पुरतो. तो पैसा रिॲक्टरवर घाला.

‘एवढ्याशा मिलला हे कशाला’ म्हणणाऱ्याने भद्रावतीकडे पाहावं. तिथल्या १००० मेगावॉटच्या एचव्हीडीसी केंद्रातले कन्व्हर्टर जितके मेगावॉट पलीकडे देतात त्याच्या निम्म्याच्या आसपास रिॲक्टिव्ह पॉवर मागतात. ती गरज भागवणाऱ्या फिल्टर बँकाच हार्मोनिकही गिळतात, आणि लोड बदलेल तशा आतबाहेर होतात. दोन्ही दुखण्यांवर तिथे एकत्रच उपाय केलेला आहे. व्हीएफडीच्या तोंडाशी असलेला रेक्टिफायर त्याच कुळातला.

उच्चदाब ग्राहकांचं बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आहे. रात्री मिल बंद आणि कपॅसिटर चालू राहिले तर पुढे गेलेला प्रवाहही केव्हीए वाढवतो. ‘थोडे जास्तच टाकून ठेवा’ हा सल्ला म्हणूनच टाकाऊ. सीटी इनकमरवर, कपॅसिटरच्या फाट्याच्या आधी आहे ना, हे बघून घ्यावं. मिल पूर्ण चालू असताना आणि अर्धी बंद असताना, अशी दोन्ही वेळची हार्मोनिकची मोजणी कोटेशनबरोबर लेखी मागावी. ती न देणाऱ्याचा दर विचारत बसू नये.