विरळणीची कात्री कोणाच्या हातात?

'शेतीला कुशल हात मिळेनात' या पत्रात सारा दोष तरुणांच्या आळसावर ढकलला आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथली मुलंमुली स्पर्धा परीक्षांच्या मागे लागतात, कारण बांधावरच्या कामाला ना पगार, ना पत. पण कुशल हात नाहीतच, असे नाही.

पत्रलेखकांनी द्राक्षाच्या विरळणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडे यावे. पेठ-सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या बाया घडातले कोणते मणी काढायचे, कोणते ठेवायचे, हे नजरेनेच ठरवतात. कात्रीचे टोक शेजारच्या मण्याला लागले की डाग पडतो आणि माल निर्यातीतून बाद होण्याची भीती. या कसबाचे पैसे मुकादमाच्या हातून येतात; प्रमाणपत्र कोणी देत नाही. प्रशिक्षणाचा निरोप जातो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत बाया जेमतेम १४ टक्के. मग सभागृहात टोप्याच दिसणार!

'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले, चांगलेच झाले. पण फोटोत न येणाऱ्या कात्रीचे काय? हंगामाआधी या मजूर बायांच्याच गावात, मराठीतून वर्ग घ्यावेत आणि बुडालेली मजुरी भरून द्यावी. शिकलेल्या बाईला जादा दर देण्याची आम्हा बागायतदारांची तयारी हवी, माझी आहे.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड