मोफत आहे, पण खुलं आहे का?

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मराठीही मिळतात, उर्दूही. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. म्हणजे पुस्तक मोफत आहे, खुलं नाही. हा फरक कुणाला शब्दांचा खेळ वाटेल. उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्याला मात्र तो रोज भोवतो.

आमच्या मुलांना मराठी येत नाही, हा ठरलेला शेरा असतो. नेमकं अडतं कुठे ते पाहा. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी, तिचं 'पुस्तक' झालं की नपुंसकलिंगी. मूल 'माझी पुस्तक' म्हणतं ते आळसाने नव्हे, स्वतःच्या भाषेच्या नियमाने. 'ळ' आणि 'ण' हे उच्चार उर्दूत नाहीत. उलट खुर्ची, हजेरी, दप्तर हे शब्द त्याला घरचेच वाटतात. फक्त उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी आणि मराठीत पाठीवरची पिशवी. मराठी घरातल्या मुलासाठी केलेल्या कृतिपत्रिकेत यातलं काही नसतं, असण्याचं कारणही नाही. ती आम्हाला बदलून घ्यावी लागते. उदाहरणं वेगळी, सूचना उर्दूत, चित्राखाली दोन्ही लिप्या. फुकटात मिळण्यापेक्षा आम्हाला बदल करण्याची मोकळीक जास्त गरजेची आहे.

रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी क्यूआर कोड होता. पण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी आधी एक गोष्ट केली होती. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी ती शिकून घेतली आणि पुस्तकं मुलांना समजतील अशी नव्याने मांडली. कोड नंतरचा, बदल आधीचा. आपण कोड लक्षात ठेवला आणि बदल विसरलो.

रामटेकमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मानलं जातं. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके यांनी आपापला मेघदूत मराठीत आणला आणि मराठी श्रीमंत झाली. त्यासाठी कुणाची परवानगी काढावी लागली नाही. आजच्या लेखकाच्या बाबतीत मात्र आपल्या कायद्याप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं थांबावं लागतं. आमची चौथीतली मुलं तितकं थांबू शकत नाहीत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात साहित्य वापरण्याची सवलत दिली आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा अर्थ उदारपणे लावला. पण बदललेला संच साऱ्या जिल्ह्यासाठी इंटरनेटवर ठेवायचा म्हटलं, तर हा आधार पुरेलच असं नाही. त्यासाठी खुला परवाना लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे असे परवाने २००२ पासून आहेत. वापरा, बदला, वाटा. मूळ करणाऱ्याचं नाव द्या, एवढी त्यातली पहिली अट. विक्री नको असेल तर तीही अट घालता येते. एनसीईआरटीचं एनआरओईआर हे भांडार २०१३ मध्ये याच तत्त्वावर उभं राहिलं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून कुणीही मराठी गोष्ट उचलून तिचं उर्दू करू शकतो, अर्ज न करता.

यावर शिक्षक मित्रांचा आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. कष्ट आपले, नाव दुसऱ्याचं. रविवार घालवून केलेली कृतिपत्रिका महिन्याभरात कुठल्याशा चॅनेलचा शिक्का घेऊन आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर परत येते. पण हे घडतंय ते परवाना नसताना. कागदावर काहीच लिहिलेलं नसलं की घेणाऱ्याला ते बेवारस वाटतं. परवाना लिहिला की नाव पुसणाऱ्याला निदान जाब विचारता येतो. आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. हदीस सांगताना कुणी कुणाकडून ऐकलं ती सनद आधी सांगावी लागते. साखळीतलं नाव गळालं की रिवायतीचं वजन घटतं. आणि माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब चालू राहतो, त्यात सदका-ए-जारियाच्या बरोबरीने लोकांच्या उपयोगी पडणारं इल्मही मोजलं आहे. नाव राखून ज्ञान वाटणं आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही.

तेव्हा दोन मागण्या. सरकारी पैशातून तयार झालेल्या पाठ्यपुस्तकांवर खुला परवाना छापावा. फायलीही बदलता येतील अशा, युनिकोडमध्ये द्याव्यात. जुन्या इनपेजमधला उर्दू मजकूर आणि कृतिदेवमधला मराठी मजकूर दुसरीकडे नेला की त्याची अक्षरं मोडतात. दुसरं, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क कायद्याने बहुधा नोकरी देणाऱ्याकडे जातो. त्यामुळे शिक्षकांनी केलेलं साहित्य खुलं करायला हरकत नाही, असं स्पष्ट परिपत्रक शिक्षण विभागाने काढावं.

तोवर स्वतःच्या वेळात, स्वतःच्या मेहनतीने केलेल्या कृतिपत्रिकेच्या तळाशी एक ओळ लिहायला कुणाची आडकाठी नाही. आपलं नाव, गाव आणि पुढे: 'क्रिएटिव्ह कॉमन्स, नाव देऊन वापरा, बदला, वाटा.' नागपूर जिल्ह्यातल्या उर्दू शाळांतून अशा शंभर कृतिपत्रिका जमल्या, तर 'माझी पुस्तक'चं 'माझं पुस्तक' व्हायला प्रत्येक वर्गात नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.