यंत्र कोणाच्या मालकीचे?

वर्गात यंत्र असावे की नसावे, हा वाद व्यर्थ आहे. त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा खरा प्रश्न होय.

१९७५-७६ साली ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक जागी दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. उपग्रह उसना होता, प्रयोग वर्षभरच चालला. परंतु शेतमजुराचे व जमीनदाराचे मूल एकाच पडद्यासमोर बसावे, अशी त्याची रचना होती.

२०२० साली महासाथीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग पालकांच्या मोबाइलमध्ये शिरला. घरातील एकुलता फोन घेऊन बाप कामावर गेला, की मुलाची शाळाही त्याच्याबरोबर गेली. शासनाने करावयाचा भांडवली खर्च असा मजुराच्या खिशावर लादला गेला. त्याला ‘डिजिटल क्रांती’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

संच शाळेच्या मालकीचा हवा. वीजबिलाची व दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात हवी. आणि संचाच्या निमित्ताने शिक्षकाचे एकही पद गोठविले जाता कामा नये. ही मागणी गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांतून उठली पाहिजे. ते काम कार्यकर्त्यांचे आहे.