कोर्ट मार्शल : अपिलाची दारे उघडली, खटल्याची खोली मात्र जुनीच

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दिला आणि आठ वर्षे जवळपास बंद असलेले एक दार पुन्हा उघडले. याच न्यायालयाने २०१५ मध्ये उच्च न्यायालयांना अशा याचिका दाखल करून घेण्यापासून परावृत्त केले होते. न्यायाधिकरणानंतर थेट दिल्ली गाठावी, एवढाच मार्ग त्यामुळे उरला होता. परंतु तेथेही सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असल्याखेरीज अपील उभे राहत नाही. एखाद्या नाईकाच्या बडतर्फीत असा मुद्दा निघणार किती वेळा?

लष्करी न्यायातील सुधारणांचा इतिहास पाहिला तर त्या जवळजवळ सर्वच बाहेरून आल्याचे दिसते. कोर्ट मार्शलच्या निकालातील पुरावा नव्याने तपासणारी एकही अपिलाची पायरी देशात नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, पृथीपालसिंग बेदी खटल्यात, खंत व्यक्त केली होती. विधी आयोगाने १९९९ मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाची शिफारस केली, कायदा २००७ मध्ये झाला आणि न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. खंत व्यक्त झाल्यापासून उपाय होईपर्यंत २७ वर्षे गेली. तेवढ्या काळात जवानांची एक पिढी भरती होऊन निवृत्तही झाली.

ही पायरी नाममात्र नाही, हे काश्मीरमधील दोन प्रकरणांत दिसले. २०१० च्या माछिल चकमक प्रकरणात कोर्ट मार्शलने दिलेली जन्मठेप न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये स्थगित केली. २०२० च्या अमशीपुरा प्रकरणातील कॅप्टनच्या जन्मठेपेलाही नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थगिती मिळाली. मृतांच्या नातेवाइकांना हे आदेश झोंबले असतील. पण अपिलात पुरावा पुन्हा तपासला जाऊ लागला, हे नाकारता येत नाही.

खटला जेथे चालतो त्या खोलीत मात्र फारसे काही बदललेले नाही. १९५० च्या लष्कर कायद्यानुसार जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी न्यायासनावर बसतात. कायद्याचा सल्ला देण्यास जज अॅडव्होकेट असतो, पण निर्णय त्याचा नसतो. न्यायालय बोलावतो तो वरिष्ठ अधिकारी, आणि निकालावर वरून शिक्कामोर्तब होईपर्यंत त्याला कायद्याने अर्थ नाही. शिक्कामोर्तब करणारा अधिकारी निकाल फेरविचारासाठी एकदा परतही पाठवू शकतो. न्यायासनावरील मंडळी आणि त्यांना बोलावणारा साहेब एकाच उतरंडीत नोकरी करतात, हे विसरून चालणार नाही.

समरी कोर्ट मार्शलमध्ये तर एकटा कमांडिंग ऑफिसरच न्यायालय असतो. हा मार्ग केवळ शिपाई, नाईक, हवालदार अशांसाठी आहे. अधिकारी आणि जेसीओ त्यातून वगळलेले आहेत. आरोपीला एक 'मित्र' मिळतो. तो कानात सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराला काय विचारावे ते सुचवू शकतो. स्वतः उलटतपासणी घेऊ शकत नाही की न्यायालयापुढे बोलू शकत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैदेची आणि बडतर्फीची असू शकते, तिला वरिष्ठांच्या शिक्कामोर्तबाची गरज नसते. बडतर्फी म्हणजे सर्वसाधारणपणे निवृत्तिवेतनावरही पाणी. हा अपवादात्मक मार्ग आहे, तातडीची निकड असेल तेव्हाच वापरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले. तरतूद मात्र कायद्यात कायम आहे.

खटला भरायचा की नाही, हेही हीच उतरंड ठरवते. पथरीबल येथे २००० मध्ये मारल्या गेलेल्या पाच नागरिकांच्या प्रकरणी सीबीआयने आरोपपत्र ठेवले होते. खटला कोठे चालवायचा याची निवड सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लष्करावर सोपवली. लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतले आणि जानेवारी २०१४ मध्ये पुराव्याअभावी मिटवले. कोर्ट मार्शल भरलेच नाही, मग अपील कशाविरुद्ध करायचे?

लष्कराची बाजू पोकळ नाही. सियाचिनमधील चौकीवर शिस्तभंगाचा निकाल वर्षभराने लागून चालत नाही, आणि राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा संसदेला दिली आहे. परंतु ज्या ब्रिटिश चौकटीतून आपला कायदा आला, ती ब्रिटननेच मोडली. न्यायालय बोलावणारा आणि शिक्कामोर्तब करणारा अधिकारी ही दोन्ही पदे तेथे १९९६ च्या कायद्याने गेली. जुन्या पद्धतीत निःपक्षपातीपणाची हमी नव्हती, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पुढच्याच वर्षी फिंडले खटल्यात म्हटले. शिस्तीची गरज ब्रिटिश फौजेला काही कमी नाही.

भारतात मात्र संसदेची अलीकडची पावले सेनापतीचा हात बळकट करणारी आहेत. आंतर-सेवा संघटनांविषयीचा २०२३ चा कायदा १० मे २०२४ पासून लागू झाला. अंदमान-निकोबार कमांड किंवा खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांसारख्या संयुक्त संस्थांच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तीचे अधिकार मिळाले. पूर्वी दुसऱ्या दलाच्या माणसावर कारवाई करायची तर त्याला त्याच्या मूळ दलाकडे पाठवावे लागे. तो खोळंबा आता टळेल. तिन्ही दलांच्या मूळ कायद्यांना या कायद्याने हात लावलेला नाही. त्यामुळे संयुक्त कमांडमधील जवानावर समरी कोर्ट मार्शल झालेच, तर त्याच्या 'मित्रा'ला आजही गप्पच बसावे लागेल.