उचल द्यावी, पण कागद करून

सभासद बंधूंनो, ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देताना आपले ट्रॅक्टरवाले स्टँप करतात, साक्षीदार घेतात. तरी टोळी येईलच याची खात्री नाही! आणि घरातला पोरगा मोबाईलवरून कुठल्याशा अनोळखी कारागिराकडून गुळाच्या पिशवीचे बोधचिन्ह काढून घेतो, पैसे आगाऊ धाडतो, तेव्हा आपण साधी चौकशीही करत नाही.

अशी माणसे घरबसल्या मिळतात, याला आमचा विरोध नाही. अपवर्क, फायव्हर यांसारख्या ठिकाणी रक्कम आधी मध्यस्थाकडे जमा राहते, काम झाल्यावर कारागिराला मिळते. पण "थेट पाठवा, कमिशन वाचेल" म्हटले की आपली मंडळी भुलतात, आणि ती राखण तिथेच संपते.

खरी मेख पुढेच आहे. एका सभासदाच्या चिरंजीवाने बोधचिन्ह घेतले, पिशव्या छापल्या. काकवीच्या बाटलीवर तेच घालायचे म्हटले तर मूळ फाईल हाती नाही, आणि कारागीर म्हणतो, रेखाटन माझे. तो खोटे बोलत नव्हता हो! 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पगारी नोकर नसलेल्या कारागिराच्या रेखाटनाचा हक्क सहसा त्याचाच. त्याने सही करून लेखी दिला तरच आपला होतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षांपुरताच.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की मूळ फाईल आणि मुदत घातलेला हक्काचा कागद हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. वेबसाईट करून घेतली तर तिचे नावही आपल्याच नावावर नोंदवावे. त्या चिरंजीवाने पिशव्या पुन्हा छापायला टाकल्या आहेत.