पहिला नंबर कोणाचा?

ग्वाल्हेरच्या शारीरिक शिक्षण संस्थेत शिकायला आल्यापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. खेळाडू मुले जेवणाइतकीच वादावरही जगतात. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराला शंभर वर्षे झाली त्या साली, म्हणजे १९५७ मध्ये, झाशीच्या राणीच्या नावाने ही संस्था सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले इथे येतात, त्यामुळे वादालाही सगळ्या प्रांतांची चव असते. मध्यंतरी वाद रंगला तो युरोपातील मुष्टियोद्ध्यांवरून. गेल्या शतकाच्या मध्यावर तिकडे जे मोठे मुष्टियोद्धे होऊन गेले, त्यांत पहिला नंबर कोणाचा?

बहुतेकांचे मत स्वीडनच्या इंगेमार योहान्सनला पडले. १९५९ साली त्याने अमेरिकेच्या फ्लॉइड पॅटरसनला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडले आणि हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद युरोपात आणले. कोणी फ्रान्सच्या मार्सेल सर्दांचे नाव घेतले. तो १९४८ मध्ये जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी विमान अपघातात गेला. कोणी इंग्लंडच्या रँडॉल्फ टर्पिनचे नाव घेतले. त्याने १९५१ मध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवले खरे, पण दोनच महिन्यांत ते पद गमावले.

मी हंगेरीच्या लास्लो पापला पहिला नंबर दिला. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारा तो पहिला मुष्टियोद्धा. पुढे तो व्यावसायिक झाला, तिथेही एकही लढत हरला नाही. पण जगज्जेतेपदासाठी लढायची वेळ आली तेव्हा त्याच्या सरकारने परवानगी दिली नाही. यावर एक मित्र हसून म्हणाला, "अरे, योहान्सनने एक ठोसा मारला असता तर तुझा पाप उठला नसता!"

मित्रहो, या एका वाक्यात आपल्या सगळ्यांच्या मनातला गोंधळ आहे. दोघांना एकाच रिंगणात उभे केले तर कोण जिंकेल, हा एक प्रश्न. आपापल्या वजनात, आपल्या तोडीच्या माणसांपुढे कोण अधिक मोठा ठरला, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर वजनकाटाही देईल. श्रेष्ठत्वाचा प्रश्न दुसरा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला योहान्सन आणि पाप दोघेही होते. पापने आपल्या गटात सुवर्ण जिंकले. योहान्सनला मात्र अंतिम लढतीत तो लढतच नाही म्हणून बाद करण्यात आले आणि त्याचे रौप्यपदक रोखून धरले गेले. ते त्याला १९८२ साली मिळाले.

हेलसिंकीचे नाव निघाले की मराठी माणसाला दुसराच एक माणूस आठवायला हवा. तसा तो आठवतोही, पण कितव्या नंबरावर? आमच्या बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात पारावर बसलेल्या कोणालाही विचारा, त्या काळातला सर्वांत मोठा मल्ल कोण? उत्तर येते, श्रीपती खंचनाळे. ते आमच्याच बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बनता सिंगाला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र केसरीही. जन्म कर्नाटकात आणि गदा महाराष्ट्राची, त्यामुळे आपल्या मासिकाच्या मराठी आणि कानडी दोन्ही विभागांनी त्यांच्यावर हक्क सांगावा. त्यांच्या मागोमाग नावे येतात गणपतराव आंदळकरांचे आणि मारुती माने यांचे. खाशाबा जाधवांचे नाव येते ते "हो, तेही होते" अशा सुरात.

याचे कारण उघड आहे. आपल्या तालमींना आणि मैदानांना अवजड गड्याचे वेड आहे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात शेवटची, मोठी कुस्ती वजनदार जोडीचीच लागते. गदा, फेटा, मिरवणूक सगळे त्यांचे. लहान वजनाचा पोरगा दुपारच्या उन्हात लढतो, नारळ घेतो आणि घरी जातो.

तेव्हा त्या काळातील पाच मल्लांची माझी यादी मी मांडतो.

पहिले खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात सहावा आला. मातीवर वाढलेल्या गड्याला तिथे गादीवर लढावे लागले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात त्याने कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले आणि कांस्यपदक आणले. ज्या दोघांपुढे तो हरला, त्यांतला जपानचा इशी सुवर्णपदक घेऊन गेला आणि रशियाचा ममदबेकोव रौप्य. म्हणजे जगातल्या पहिल्या दोघांखेरीज त्याला कोणी हरवले नाही.

दुसरे आंदळकर आणि तिसरे माने. १९६० आणि १९६४ चे हे दोन हिंदकेसरी. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य मिळवले, फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन निरनिराळ्या प्रकारांत. मातीबाहेरही आपला डाव चालतो हे त्यांनी दाखवले. आंदळकरांना वर ठेवतो ते त्यांच्या हिंदकेसरीच्या आणि जाकार्ताच्या लढती सर्वांत वरच्या वजनातल्या होत्या म्हणून.

चौथे केशव माणगावे. हे नाव वाचून अनेक जण थबकतील. हेलसिंकीतच ६२ किलो गटात ते चौथे आले, पदकापासून एक पायरी दूर. पदक हुकले आणि नावही पुसले गेले.

पाचवे खंचनाळे. गावाकडे हे वाचले गेले तर माझे काय होईल ते मी जाणतो! पण त्यांचे मोठे विजय देशातल्या देशात झाले. परदेशातली गादी त्यांच्या वाट्याला आली असती तर कदाचित ही यादी बदलली असती. तरीही यादी झालेल्या कुस्त्यांची करायची असते. पापलाही मी पहिला नंबर दिला तो त्याच्या तीन सुवर्णांसाठी, न झालेल्या लढतीसाठी नव्हे.

कोणी म्हणेल, लोकांच्या तोंडी ज्याचे नाव तोच मोठा. त्यांनी एकदा ग्वाल्हेरला यावे. इथे कॅप्टन रूपसिंह स्टेडियम आहे. १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेवर चोवीस गोल केले, त्यांतले दहा रूपसिंहांचे आणि आठ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे. रूपसिंहांचे आयुष्य ग्वाल्हेरच्या सैन्यात गेले आणि १९७७ साली याच शहरात त्यांनी देह ठेवला. आज त्या स्टेडियमचे नाव काढले की लोक सांगतात, "२०१० मध्ये सचिनने दोनशे धावा काढल्या ते!" हॉकीसाठी बांधलेल्या मैदानाची ही कथा. लोकांच्या आठवणीवर श्रेष्ठत्व मोजायचे तर मग बोलणेच खुंटले.

हा वाद नुसता नावांचा असता तर मासिकाची पाने मी खर्च केली नसती. खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी १९९६ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. कुस्तीत तर २००८ उजाडले. १९५२ ते २०२४ या काळात कुस्तीत आपल्याला आठ पदके मिळाली आणि त्यांतले एकही ६६ किलोंच्या वरचे नाही. टोकियोत रवी दहियाने आणि पॅरिसमध्ये अमन सेहरावतने पदक मिळवले ते ५७ किलोंचेच, म्हणजे खाशाबांचेच वजन. आपण गदा एका वजनाला देत आलो आणि पदके दुसऱ्याच वजनाने आणली. खाशाबांनी वाट दाखवली असताना तिच्यावरून बरीच पदके हरियाणाने आणली, महाराष्ट्राने नाही, यात या चुकीच्या यादीचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

खाशाबांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यांनी समोरच्या विद्यार्थ्याचे वजन पाहिले नाही, त्याची पकड पाहिली. आपल्याही कॉलेजात पन्नास-पंचावन्न किलोंचा एखादा पोरगा पहाटे उठून तालमीत जात असेल. वार्षिक संमेलनात शेवटी बोलावून त्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवायचे, की त्याच्या खुराकाची आणि गादीवरच्या सरावाची सोय करायची, हे प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून ठरवू शकतात. माझी यादी कोणाला पटो वा न पटो, एवढे एक काम झाले तरी हा वाद फुकट गेला असे मी म्हणणार नाही.