जुनी तलवार आणि नवा ताल

तरुणांना एखादी नवी कलाकृती आवडू लागली की वडीलधाऱ्यांच्या मनात शंका उभी राहावी, ही रीत जुनीच आहे. आमच्या वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी ‘सामुराई चाम्प्लू’ या जपानी चित्रमालिकेविषयी मोठ्या आवडीने बोलत असतात. कथा जपानच्या जुन्या तलवारबहाद्दरांची आणि तिला संगीत मात्र अमेरिकेतील हिप-हॉपचे! हा कसला मेळ, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु नुसते नाक मुरडून त्याचे उत्तर मिळणार नाही.

शिनिचिरो वातानाबे यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका २००४ साली जपानच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिचा काळ एदो राजवटीचा, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यानचा. चहाच्या दुकानात काम करणारी फू नावाची मुलगी, सूर्यफुलांचा वास येणाऱ्या एका सामुराईच्या शोधात निघते व दोन योद्ध्यांना सोबत घेते. त्यांपैकी जिन हा गुरुगृही शिस्तीने घडलेला; मुगेन हा र्‍युक्यू बेटांवरचा, कोणत्याही गुरूची दीक्षा न घेतलेला, नाचता नाचता लढणारा. दोघांचे हाडवैर; तरीही शोध संपेपर्यंत एकमेकांवर शस्त्र उचलायचे नाही, असा त्यांचा करार होतो. तरुणांना या मालिकेची ओढ का वाटते, याचे बरेचसे उत्तर या करारातच आहे. घोटून मिळवलेली विद्या आणि अंगभूत स्फूर्ती या दोन्ही वाटा विद्यार्थ्याला खुणावतात. आणि येथे त्या दोन्ही एकाच रस्त्याने चाललेल्या त्याला दिसतात.

संगीताचे कार्यही तेच आहे. हिप-हॉपचा जन्म १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय व इतर तरुणांमध्ये झाला. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील एखादा तुकडा घ्यावा, तो पुनःपुन्हा वाजवावा व त्या तालावर आपले बोल बसवावे, ही त्यांची रीत. या मालिकेच्या संगीतकारांपैकी नुजाबेस (मृत्यू २०१०) यांनी जुन्या जॅझ संगीताचे तुकडे याच रीतीने वापरले. त्या तालामुळे तीनशे वर्षांपूर्वीचा योद्धा वस्तुसंग्रहालयातील पुतळा राहत नाही. तो आजच्या रस्त्यावरून चालू लागतो.

मालिकेच्या नावातच तिचे मर्म आहे. ‘चाम्पुरू’ हा ओकिनावा बेटावरील एक साधा खाद्यपदार्थ. कारले, सोयाबीनचे पनीर, अंडे असे जिन्नस एकत्र परतून तो करतात. कारल्याचा कडूपणा त्यात लपत नाही, किंबहुना त्याचीच चव हवी असते.

आता आपल्या भूमीकडे पाहू. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. कथा कालिदासाची, दीड हजार वर्षांपूर्वीची. चाली मात्र साकी, दिंडी, लावणी यांच्या आणि कर्नाटकातल्याही! दुष्यंताच्या काळी साकी कोठे होती, असे विचारून त्या काळचे रसिक उठून गेले असते, तर मराठी नाट्यसंगीत जन्मालाच आले नसते. पुढे १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली दिल्या, आणि विलायती ऑर्गन मराठी नाट्यगृहात असा रुळला की तो आज परका वाटत नाही.

आपल्या हुबळी-धारवाडची कीर्ती तर अशाच संगमावर उभी आहे. उत्तरेतील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ कर्नाटक संगीताचेही चाहते होते. त्यांचे शिष्य, जवळच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर गाजले. आणि हुबळीच्या गंगूबाई हनगल या त्यांच्या शिष्या. उत्तरेची गायकी, मराठी नाटक आणि कानडी माती यांनी मिळून हे वैभव घडवले.

तेव्हा जे जे मिश्र ते ते चांगले, असे समजावे काय? मुळीच नव्हे. मिसळ आणि भेसळ यांत अंतर आहे. भेसळीत हलका माल भारी मालात लपवलेला असतो. मिसळीत प्रत्येक जिन्नस आपली चव राखून असतो. सवाई गंधर्वांच्या गाण्यामागे वर्षानुवर्षांची तालीम होती. अभ्यासावाचून केलेली जोडाजोड हा केवळ गोंगाट होय. शिवाय या मालिकेत रक्तपात आहे, प्रौढांचे प्रसंग आहेत. लहान वर्गांतील मुलांनी ती पाहू नये आणि मोठ्यांनीही घरच्यांना सांगून पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या चर्चेचा संबंध आपल्या जिभेशीही आहे. आपल्या गावचे मूल घरी कोंकणी वा मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत मराठी बोलते. ‘तुमची भाषा शुद्ध नाही’ असे कोणी हिणवले की ते खाली मान घालते. विद्यार्थिमित्रहो, मान खाली घालू नका. या साऱ्या भाषा तुमचे धन आहेत. मात्र प्रत्येक भाषा नीट शिका. तिचे व्याकरण, तिचे काव्य, तिच्या म्हणी आपल्याशा करा. कानडी येते म्हणून मराठी कच्ची राहिली, ही सबब आम्हांस मान्य नाही. आणि मराठी शाळेत आहोत म्हणून कानडीकडे पाठ फिरवावी, हेही नाही. जिन आणि मुगेन एका वाटेने चालू शकले, कारण दोघांच्याही हाती तलवार खरी होती. आपल्या हाती असलेल्या प्रत्येक विद्येला अशीच धार असू द्या.